कॉलेजचा पिचिंग कोच: नुसती पायरी नाही

अमेरिकन बेसबॉलबद्दल काहीजण म्हणतात, ‘कॉलेजमधलं पिचिंग कोचचं (चेंडू टाकणाऱ्या पिचरांच्या प्रशिक्षकाचं) काम म्हणजे मेजर लीगकडे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगकडे, जायची पायरी, वर गेलेला परत येत नाही’. हे मत मला अजिबात पटत नाही. पिचिंग कोच वेस जॉन्सनचंच बघा. सुरुवात शाळेच्या संघापासून, मग डॅलस बॅप्टिस्ट, मिसिसिपी स्टेट, आर्कान्सा ही कॉलेजं. २०१९ च्या हंगामासाठी मेजर लीगमधल्या मिनेसोटा ट्विन्स संघाने त्याला थेट कॉलेजमधून उचललं. व्यावसायिक बेसबॉल तो ना खेळला होता, ना तिथे कुणाला शिकवलं होतं. आणि हाच माणूस जून २०२२ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, मेजर लीग सोडून एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत) आला! पुढच्याच वर्षी त्याच्या हाताखाली पिचर पॉल स्कीन्सने २०९ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे तीन स्ट्राइकवर तितके फलंदाज बाद केले), एलएसयूने कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज संघांचं राष्ट्रीय विजेतेपद, जिंकली आणि जॉन्सन जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाचा मुख्य कोच झाला.

यामागे पैसा असेलच, पण कॉलेजात कोचच्या हातात किती असतं तेही बघा. मुलं हेरून आणण्यापासून त्याचं काम सुरू होतं. सामन्यात बहुतेक ठिकाणी पिचरने प्रत्येक चेंडू कोणता टाकायचा हे तोच ठरवतो. पुढच्या वेळी सामना बघताना कॅचरकडे (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याकडे) नीट लक्ष द्या: डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, कोच तीन आकडे खुणावतो, कॅचर मनगटावरच्या तक्त्यात ते शोधतो आणि मग पिचरला बोटांनी सांगतो. आता कानात बोलणारं यंत्रही चालतं. मेजर लीगमध्ये हा निर्णय सहसा पिचर-कॅचरचाच. ज्याला मुलगा घडवायची खरी ओढ आहे, त्याला ही जागा लहान वाटत नाही.