मदत हवी आहे : जिनिंगमधून काढलं, आता राजीनाम्यावर सही मागताहेत

माझे मोठे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) 2016 पासून फिटर होते. कापसाचा हंगाम संपला की मजूर घरी जात, पण भावाला मशीन दुरुस्तीसाठी बाराही महिने ठेवत. मार्च 2025 मध्ये नोटीस न देता तोंडीच 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं. नेमणूकपत्र कधीच दिलं नव्हतं. पीएफचा उतारा, बँकेत जमा झालेला पगार आणि हजेरीच्या वहीचे काही फोटो आहेत.

भावाला काढलं तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस भरलेल्याला काढताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार होता, एवढं वाचलं. मालक म्हणतात, जिनिंग हंगामी, ग्रॅच्युइटी हंगामामागे सातच दिवसांची, तीही राजीनामा लिहून दिल्यावर. सही केलेली नाही, आणि मी करू देणार नाही. लेखी अर्ज टपालानं पाठवला, पोच आली, उत्तर नाही.

भावाला नुसते पैसे नकोत, काम परत हवं आहे. वकिलाची फी सध्या झेपत नाही.

कामावरून काढल्याची तक्रार आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज कामगार कार्यालयात वेगवेगळे द्यायचे का? आणि बारमाही काम सिद्ध करायला पावसाळ्यातल्या महिन्यांचा पीएफ भरलेला दाखवला तर पुरेल का?