पुरून उरणे, भारी पडणे, न बाधणे: राक्षस विरुद्ध गावकरी या लढतीचे शब्द

(बोलणाऱ्यांना इंदुरातल्या त्यांच्या वस्तीच्या नावाने दाखवलं आहे.)

सुदामानगर: इंदुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, पात्रं वठवण्याचा खेळ मराठीतून खेळणाऱ्यांसाठी पाचव्या आवृत्तीच्या (२०१४चे नियम) टिपणांचं काम चालू आहे. बॅलन्सला (लढतीतल्या दोन बाजूंचं बळ जुळवण्याला) सगळे ‘समतोल’ लिहितात, पण काठ्या घेतलेले गावकरी आणि समोर ओगर हा धिप्पाड राक्षस, यात समतोल कसला? इकडे बोलताना आपण सर्रास ‘ओगर दहा जणांवर भारी पडतो’ म्हणतो. छापील मराठीत ‘दहा जणांना पुरून उरतो’ दिसतं. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि टिपणात कुठे काय लिहावं?

रामबाग: अर्थ एक नाही. ‘भारी पडणे’ म्हणजे त्या घडीला वरचढ ठरणे. हिंदीच्या शेजारामुळे ते आपल्या तोंडी जास्त बसलं असेल, पण त्यात चूक काही नाही. ‘पुरून उरणे’मध्ये दोन क्रियापदं आहेत: पुरणे म्हणजे पुरेसा होणे, उरणे म्हणजे शिल्लक राहणे. (जमिनीत पुरण्याशी याचा संबंध नाही, तो ‘पुरणे’ वेगळा.) म्हणजे सगळ्यांना पुरा पडून शेवटी जो उभा असेल, तोच पुरून उरला. हा दावा हिशेबाने तपासता येतो, म्हणून टिपणाला हाच शब्द हवा.

ओगरचे हिट पॉइंट (इजेने हे संपले की तो पडला) ५९, आर्मर क्लास (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) ११. गावकऱ्याचे हिट पॉइंट ४, आर्मर क्लास १०, सोट्याच्या वाराला +२ (हे फाशाच्या आकड्यात मिळवायचे), इजा चार बाजूंच्या फाशाची, म्हणजे सरासरी अडीच. गावकऱ्याला वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा वर पडायला हवं: ६० टक्के. म्हणजे एका वारामागे सरासरी दीड इजा. ओगरला +६, त्याला ४ पडले तरी पुरतात: ८५ टक्के. आणि त्याची कमीत कमी इजाही ६ आहे, म्हणजे लागला की गावकरी गेलाच.

ओगर पाडायला सुमारे ४० वार लागतात. गावकरी ६ असतील तर सगळे मरेपर्यंत मिळून साधारण २४ वार होतात आणि ओगरचे २०-२५ हिट पॉइंट शिल्लक राहतात: सहांना तो पुरून उरला. आठांवर मामला अटीतटीचा. दहा असतील तर पाच फेऱ्यांत ओगर आडवा, गावकरी चार-पाच गेलेले. म्हणजे ‘दहा जणांना पुरून उरतो’ हे वाक्य मोकळ्या मैदानात खोटं आहे. पहिल्या फेरीत भारी मात्र तोच पडलेला दिसेल.

कारण साधं आहे. माणसं वाढली की दर फेरीचे वार वाढतात आणि फेऱ्याही वाढतात. म्हणून संख्या दुप्पट केली की गावाचा एकूण जोर जवळजवळ चौपट होतो. नवे डीएम (खेळ चालवणारे) इथेच चुकतात. सहा गावकऱ्यांचे बारा केले की ओगरला लढत दुप्पट अवघड झाली असं धरतात, प्रत्यक्षात तो चौथ्या फेरीतच संपतो.

छत्रीबाग: हिशेब मान्य, पण त्यात जागा धरलेली नाही. ओगर मोठ्या आकाराचा, पटावर दोन बाय दोन घरं व्यापतो. भोवती बारा घरं, म्हणून दहाही जणांना हात चालवता येतो. हीच लढत बोहरा बाखलीसारख्या गल्लीत लावा. दहा फूट रुंदीत समोरून दोघंच भिडू शकतात. मेलेल्याची जागा मागचा लगेच घेतो असं धरलं तरी फेरीला इजा ३, म्हणजे जवळपास २० फेऱ्या आणि १७ माणसं. तिथे ओगर दहांना खरोखर पुरून उरतो. दहा फूट पोहोचणारे लांब भाले दिले तर दुसऱ्या रांगेचेही वार चालू होतात आणि चित्र पुन्हा पालटतं.

म्हणून टिपणात नुसतं ‘दहांना पुरून उरतो’ लिहू नका. ‘मैदानात सहांना, गल्लीत पंधरांना’ असं लिहा.

सुदामानगर: मग चॅलेंज रेटिंगला, म्हणजे राक्षस किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याला, काय म्हणायचं? ओगरचं २ आहे.

रामबाग: कुस्तीतला ‘जोड’ घ्या. आखाड्यात पैलवानाचं वजन आणि तयारी पाहून जोड लावतात, तसा हा आकडा चार नायकांच्या (खेळाडूंच्या पात्रांच्या) गटाशी लावलेला जोड आहे. रेटिंग २ म्हणजे दुसऱ्या पातळीच्या चौघांना तोडीचा. गावकऱ्यांच्या जमावाबद्दल तो काहीच सांगत नाही. ‘आव्हानांक’ असा शब्द सुचवलेला दिसतो, पण त्यात कोणाला आव्हान हेच राहून जातं. ‘जोड’ म्हटलं की ‘कोणाशी?’ हा प्रश्न आपोआप येतो.

मल्हारगंज: या सगळ्याच्या आधी एक भेद करायला हवा: ‘लागणे’ आणि ‘बाधणे’. मराठीत हा भेद आहे आणि नियमांतही हाच आहे, तरी भाषांतरात दोन्हींसाठी ‘इजा होणे’ लिहून टाकतात.

वेअरवुल्फचं (लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाचं) रेटिंग ३, हिट पॉइंट ५८, आर्मर क्लास माणसाच्या रूपात ११. आकड्यांनी तो ओगरचा भाऊ. पण २०१४च्या नियमांत साधं, चांदी न चढवलेलं शस्त्र त्याला बाधत नाही. सोटा लागतो, ६० टक्के वेळा लागतो, बाधत शून्य वेळा. तिथे दहा गावकरी आणि हजार गावकरी सारखेच, वर सांगितलेला चौपटीचा हिशेब लागूच होत नाही. अशा राक्षसासाठी ‘पुरून उरतो’ हा शब्दही अपुरा आहे. सरळ ‘बाधत नाही’ लिहावं आणि पुढे काय बाधतं ते लिहावं.

काय बाधतं? चांदी चढवण्याचा खर्च एका शस्त्राला किंवा दहा बाणांना १०० सुवर्णमुद्रा. अकुशल मजुराची मजुरी दिवसाला २ रौप्यमुद्रा, दहा रौप्यांची एक सुवर्ण, म्हणजे दहा बाणांना एका माणसाची ५०० दिवसांची मजुरी. पन्नास घरांनी दहा-दहा दिवसांची कमाई घातली तर दहा बाण होतात. खेळाडूंना गावाच्या वर्गणीचं वजन कळावं म्हणून हा आकडा टिपणात असू द्या. आग त्याला बाधते. पडणंही बाधतं, कारण ते शस्त्राचा वार नाही: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा. खड्डा खणून वर काटक्या पसरणं हा गावकऱ्यांचा सगळ्यात स्वस्त उपाय. तीस फुटी खड्ड्यात सरासरी साडेदहा. तेवढ्याने तो मरत नाही, पण वरून पेटती गवताची पेंढी टाकायला वेळ मिळतो.

सुदामानगर: आणि ड्रॅगन? पूर्ण वाढलेल्या लाल ड्रॅगनला साधे बाण बाधतात. मग शंभर तिरंदाज पुरे का?

मल्हारगंज: कागदावर जवळजवळ पुरे होतात, आणि त्यावर वाद जुना आहे. हिट पॉइंट २५६, आर्मर क्लास १९. धनुष्य चालवता येणाऱ्या गावकऱ्याला +२ धरा: १७ किंवा वर, २० टक्के. बाणाची इजा सरासरी साडेचार. वीस पडल्यावरची दुप्पट सोडली तर सुमारे २८५ बाण, म्हणजे शंभर जणांच्या तीन फेऱ्या.

हे प्रत्यक्षात घडत नाही त्याचं कारण ‘दरारा’. इथे ‘धाक’ लिहू नका. धाक अधिकारातून येतो, वडिलांचा असतो, मास्तरांचा असतो. दरारा नुसत्या असण्याचा. आणि ज्याच्यावर तो चालतो तो ‘धसका घेतो’. ड्रॅगनच्या १२० फुटांत आलेल्याला बचावाच्या फाशात (परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशात) १९ लागतात. साध्या गावकऱ्यासाठी ते १० टक्के. धसका घेतलेल्याला दोन फासे टाकून कमी असलेला धरावा लागतो: २० टक्क्यांचे ४ टक्के होतात. २८५ बाणांचे १४०० होतात.

मोठ्या धनुष्याचा सहज पल्ला १५० फूट. म्हणून १२० आणि १५० यांमधल्या पट्टीत उभे राहणारे तिरंदाज सुरक्षित वाटतात, पण ड्रॅगन एका पाळीत ८० फूट उडतो.

छत्रीबाग: आगीच्या फुंकरीबद्दलही शब्द जपून वापरा. ‘बचाव साधला तर वाचतो’ असं एका टिपणात लिहिलं आहे. फुंकर १८ फाशांची, कमीत कमी १८. बचाव साधला तर निम्मी, ९. गावकऱ्याचे हिट पॉइंट ४. बचाव साधतो आणि तरीही वाचत नाही. ‘इजा निम्मी होते’ एवढंच लिहा.

रामबाग: धीराचा नियम राहिला. वर ओगरच्या हिशेबात चार-पाच माणसं मेली आणि बाकीचे लढतच राहिले असं धरलं आहे. याच खेळाच्या १९८१च्या बेसिक संचात यासाठी वेगळा ऐच्छिक फासा आहे: पहिला माणूस पडल्यावर एकदा, निम्मे गारद झाल्यावर पुन्हा. सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज धीराच्या आकड्याहून जास्त आली की पळ. साध्या माणसाचा आकडा ६. एका वेळी टिकण्याची शक्यता ४२ टक्के, दोन्ही वेळा मिळून १७. म्हणजे हा नियम लावला तर दहा गावकऱ्यांचा जमाव सहापैकी पाच वेळा ओगर मरण्याआधी किंवा मरता-मरता पांगतो. पाचव्या आवृत्तीत गावकरी फार बळकट वाटत असतील तर राक्षसाचे हिट पॉइंट वाढवू नका, हा फासा लावा. हिट पॉइंट वाढवले की नायकांचीही लढत लांबते, गावकऱ्यांचा धीर तपासल्याने ती लांबत नाही.

यासाठी ‘धीर सुटणे’ लिहा. ‘अवसान गळणे’ लढण्याआधीही होऊ शकतं, हा नियम लढाईत पडझड झाल्यावरचा आहे.

सुदामानगर: विभक्तीचं एक राहिलं. ‘दहांवर पुरून उरतो’ असं दोन ठिकाणी आलंय.

रामबाग: ते ‘भारी पडणे’चं ‘वर’ चिकटलंय. दहांवर भारी पडतो, दहांना पुरून उरतो. आणि ‘बाधणे’लाही ‘ला’च: सोटा वेअरवुल्फला बाधत नाही.