मदत हवी आहे: हळदी-लग्नात वाजवायला डीजे हेडफोन कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी हळद, साखरपुडा, वाढदिवस अशा कार्यक्रमांत वाजवतो. सध्याचा हेडफोन घरी गाणी ऐकायला छान आहे, पण मांडवात बेस सुरू झाला की क्यूवर (म्हणजे फक्त हेडफोनमध्ये) लावलेलं पुढचं गाणं ऐकूच येत नाही. किक (ड्रमचा जड ठोका) नेमका कुठे पडतोय ते कळलं नाही तर दोन गाण्यांचा बीट जुळवायचा कसा? मग आवाज वाढवत न्यावा लागतो आणि रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहते. याची मला खरंच काळजी वाटते.

ब्लूटूथ नकोच, आवाज उशिरा पोचतो. वायरचा, बंद कपांचा हवा.

दोन बघून ठेवलेत. सेनहायझर एचडी २५: १९८८पासूनचं जुनं मॉडेल, वायर सोडून साधारण १४० ग्रॅम, एका बाजूचा कप कानावरून मागे फिरवता येतो, बहुतेक सुटे भाग वेगळे मिळतात. मला हाच जास्त पटतोय. पण तो कानावर टेकतो, कान पूर्ण झाकत नाही. दुसरा ऑडिओ टेक्निका एटीएच-एम५०एक्स. हा कान झाकतो, पण वजन जवळजवळ दुप्पट, आणि मुळात स्टुडिओसाठीचा.

विद्युत रोध (जास्त असेल तर आवाज कमी मिळू शकतो) एचडी २५चा सत्तर ओहम, एम५०एक्सचा अडतीस. साध्या डीजे कंट्रोलरच्या (गाणी मिसळायच्या यंत्राच्या) जॅकवर सत्तर ओहमला पुरेसा आवाज मिळतो का? चार-पाच तासांनी कान दुखतात का? मे महिन्याच्या घामात पॅड किती टिकतात?

मोकळ्या मैदानात वाजवणाऱ्यांनी अनुभव जरूर सांगा. लग्नसराईच्या आधी घ्यायचा आहे.