नास्तिकता हा धर्म आहे का? अर्जात काय लिहायचं?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
अर्जावर 'धर्म' हा रकाना आला की नास्तिकानं काय भरायचं? नास्तिकता हाही एक धर्मच, असं काहीजण ठासून सांगतात. मग वारसाहक्क कुठल्या कायद्यानं?

प्रतिसाद १
धर्म नव्हे. देव नाही, एवढंच ते म्हणणं. त्यातून ना विधी निघतो ना सोयरसुतक. घोळ शब्दाचा आहे. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः', म्हणजे वेद न मानणारा तो नास्तिक. म्हणून देव न मानणारं पण वेद मानणारं सांख्य दर्शन आस्तिकांत बसतं आणि जैन, बौद्ध नास्तिकांत. आणि ते तर धर्मच! आधी अर्थ ठरवा, मग वाद घाला.

प्रतिसाद २
'कोणताही नाही' असं लिहा. धर्म जाहीर करायची सक्ती सरकारला करता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलंय. वारशाचं वेगळं: हिंदू आईवडिलांचं अपत्य नास्तिक झालं तरी हिंदू कायदाच लागतो.
विधीशिवाय लग्न हवं तर विशेष विवाह कायदा, १९५४: ३० दिवसांची नोटीस, ३ साक्षीदार. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. भाडेकरार कालपरवाचा असेल तर तिथंच अडतं.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, तेव्हा त्या अर्जात रकाना कोरा सोडू नका.
आणि २०११ च्या जनगणनेतले 'धर्म न सांगितलेले' सुमारे २८.७ लाख लोक सगळे नास्तिक समजू नका. उत्तरच न दिलेलेही त्यातच मोजलेत.