शिंग नसलेला प्रत्येक धनेश मलबारी नव्हे
धनेश (हॉर्नबिल) ओळखताना 'चोचीवर शिंग, म्हणजे वरचा उंचवटा, नाही म्हणजे मलबारी राखी धनेश' असं सांगतात, ते पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला लागू पडतं. पण साध्या राखी धनेशाच्या पिल्लालाही नीट शिंग नसतं. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-खानापूरकडचे फोटो शेपटीवरून तपासा. साध्याच्या शेपटीला पांढऱ्या टोकाच्या अलीकडे काळपट आडवा पट्टा असतो. मलबारीची शेपटी काळसरच, कडेच्या पिसांची टोकं तेवढी पांढरी. त्यासाठी उडतानाचा एक तरी फोटो हवा, शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या आसपास. ढगाळ आभाळापुढे कॅमेरा फसतो आणि शेपटी नुसती काळी येते, तेव्हा एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ वर न्या.

आवाज मोबाईलवर जरूर टिपा, फोटोइतकाच मोलाचा आहे तो. मलबारी खदाखदा हसल्यागत ओरडतो, साधा घारीसारखा किंचाळतो.