कोटावरचं लाल फूल: तुम्ही लावता का?

रेडिंगची_माई
काल सुपरमार्केटच्या दारात एक आजोबा पॉपीचा डबा घेऊन उभे होते. पॉपी म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी इथे ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात कोटावर लावतात ते कागदी लाल फूल. पाउंड टाकला, फूल घेतलं, टाचणी हातात आली आणि एकदम साताऱ्याची शाळा आठवली. ७ डिसेंबर, ध्वज दिन. लाल, गडद निळा, आकाशी असे कागदी झेंडे. पैसे विसरलं की फळ्यावर नाव. पैसे कुठे जातात ते बाईंनी कधी सांगितलं नाही. आता इथे ऑफिसात फूल गळून पडलं तर सहकारीण म्हणते, "विसरलीस वाटतं?" चोरी पकडल्यासारखं झालं. माझे पणजोबा महायुद्धात लढायला इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत, हे तिला काय सांगू? तुमचे अनुभव लिहा.

ग्लासगोकर
त्या टाचणीने माझे तीन शर्ट खाल्ले. आमच्या स्कॉटिश पॉपीला चार पाकळ्या, पान नाही. इंग्लंडवाल्या फुलाला पान. यावरही इथे वाद घालतात लोक 😄

सुमनताई
माई, बाईंनी नाही सांगितलं, मी सांगते. त्या निधीतून वीरपत्नींना, माजी सैनिकांना मदत मिळते. वडील ६५ च्या लढाईत गेले. आईला शिलाई मशीन मिळालं, त्यावर आम्ही तिघं शिकलो. मी अजून झेंडा लावते. भाजी आणायला जातानाही.

रेडिंगची_माई
ताई 🙏 काय बोलू.

बेलफास्टचा_बंड्या
इथे उत्तर आयर्लंडमध्ये जपून, काही जण पॉपी म्हणजे ब्रिटिश सैन्याची खूण मानतात. पहिल्या वर्षी हौसेने लावून गेलो, शेजारच्या टेबलवाला दिवसभर बोलला नाही. डेरी शहराचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन इंग्लंडमध्ये खेळताना शर्टावर पॉपी घ्यायचा नाही. त्याच्या गावात १९७२ साली ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या होत्या. दरवर्षी प्रेक्षक हुर्यो उडवायचे, तरी घेतली नाही. बाहेरून आलेल्याने कुणाची बाजू घ्यायची? मी दुसऱ्या वर्षीपासून कोट झाकेल असा गळपट्टा गुंडाळतो.

कुंदा_के
लेकीने शाळेत पांढरी लावली, शांततेची, १९३३ पासूनची. सासरे चिडले. नंतर कळलं त्यांना ती पांढरी म्हणजे शरणागती वाटली!

अपशिंगेकर
आमच्या गावात फूलबिल नाही. पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. घरटी कुणीतरी फौजेत. वेगळी खूण कशाला लावायची?

ग्लासगोकर
२०१८ ला खादीची पॉपी निघाली होती, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी. खादी, तीही ब्रिटिशांच्या लढाईला! गांधीजी असते तर?

नाना_ठाणे
गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. वाचा जरा.

ग्लासगोकर
घ्या! नाना, शरण. पांढरी पॉपी लावतो.

कुंदा_के
😂😂 टाचणीऐवजी लोहचुंबकवाली मिळते का कुठे? दिवाळीच्या कार्यक्रमात पैठणीला भोक पडलं.

बेलफास्टचा_बंड्या
पैठणीवर पॉपी?? फोटो टाका आधी.

कुंदा_के
चकल्या तळतेय, रात्री टाकते.