गोंदवून घेतल्याचा पुढे पश्चात्ताप होतो का?

कृष्णाकाठची (मूळ प्रश्न)

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, माझ्या सासूबाईंच्या हातावर होते तसे तुळशीवृंदावन गोंदवून घ्यायचे आहे. सासूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांचे ते वृंदावन हिरवट पडले होते, रेषा पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि मुलगी लहानपणी त्यावर बोट फिरवत झोपी जात असे. त्यामुळे तिच्या इच्छेमागची भावना मला कळते.

विरोध आहे तो माझ्या यजमानांचा, आणि त्याला कारणही तसेच आहे. शाळेत असताना गावच्या जत्रेत, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने, त्यांनी स्वतःचे नाव हातावर लिहून घेतले होते. गोंदणाऱ्याने ‘सुनील’ऐवजी ‘सूनिल’ लिहिले. पुढे ते मराठीचे शिक्षक झाले, आणि आजही भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वर्गावर जातात.

लोक नेमके काय मनात धरून चित्र निवडतात, आणि ज्यांना पश्चात्ताप झाला त्यांना तो चित्राचा झाला की आणखी कशाचा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

परळचा नातू

आपल्या प्रश्नात ‘निवडतात’ हा शब्द आहे, तो जुन्या पिढीला सरसकट लागू पडत नाही, असे मला वाटते. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. ती आठ-नऊ वर्षांची असताना दारावर आलेल्या गोंदणाऱ्या बाईने, घरातल्या दोघींनी तिचे हात-पाय दाबून धरलेले असताना, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया काजळीत बुडवून ते टोचले आणि वर हळद चोपडली. मेल्यावर सोनेनाणे उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही त्यामागची समजूत होती. आजीच्या होकार-नकाराचा त्यात प्रश्नच नव्हता. पुढे आजोबा गिरणीत लागले, आजी परळच्या चाळीत राहायला आली, आणि तेव्हापासून हनुवटीला पावडर फासल्याशिवाय ती कधी नळावरही गेली नाही. चाळीतल्या कोणी तिला ‘गावंढळ’ म्हटले होते की तिनेच तसे मानून घेतले होते, हे मला कधी उलगडले नाही.

याउलट, लग्नानंतर तिने स्वतःहून मनगटाच्या वर आजोबांचे नाव गोंदवून घेतले होते. ते नाव तिने उखाण्याखेरीज तोंडाने कधी घेतले नाही, पण रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात कोणी नवऱ्याचे नाव विचारले की ती बांगड्या मागे सारून हात पुढे करी, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसे त्याला मी तरी अभिमानच म्हणेन. एकाच बाईच्या अंगावरची ही दोन गोंदणे, एक झाकायचे आणि एक दाखवायचे. आपल्या मुलीने आपण होऊन ठरवले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

अर्धवट फौजी

मला पश्चात्ताप आहे, पण चित्राचा नाही. मी राजमुद्रा गोंदवून घेतली ती उजव्या हातावर. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, परंतु ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर असावे लागते, कारण सलाम उजव्या हाताने करतात; शिवाय त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा त्याचा आकार लहान असावा लागतो. हे सारे जाहिरातीतच छापलेले असते, मी वाचले नव्हते. धावणे आणि लेखी परीक्षा पार करून वैद्यकीय तपासणीत बाहेर पडलो, आणि लेझरने मुद्रा पुसट होईपर्यंत वय निघून गेले. मुलीला गणवेशाची नोकरी करायची असेल, तर आधी ते नियम वाचायला सांगावे.

त्वचारोग विभागातून

काढून टाकण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्यांत नावे गोंदवलेले पुष्कळ असतात, देवादिकांची चित्रे घेऊन क्वचितच कोणी येते. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते आणि तिथल्या भक्षक पेशी ती गिळून धरून ठेवतात. एक पेशी मेली की दुसरी तीच शाई उचलते, म्हणून गोंदण टिकते. लेझरने त्या शाईचे बारीक कण होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी आणि पिवळी चिवट असते. दोन बैठकांमध्ये साधारण 6 ते 8 आठवडे थांबावे लागते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर पांढरा डाग मागे राहण्याची शक्यता असते. तेव्हा ‘नको वाटले तर काढून टाकू’ या भरवशावर कोणी गोंदवू नये.

सुई डोळ्यांसमोर पाकिटातून काढलेली असावी, शाईची वाटी दुसऱ्या कोणासाठी वापरलेली नसावी. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका तिथेच असतो. त्यानंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही, हेही तिला सांगून ठेवावे. आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. मुलीला वृंदावन हवे आहे ते रेखीव, की तिने पाहिले तसे पसरलेले? कारागिराला आधी सांगितले नाही, तर तो नक्कीच रेखीव काढील.

कृष्णाकाठची

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न मी मुलीला विचारला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पसरलेलेच.” एका बारशाच्या फोटोत सासूबाईंनी बाळाला धरलेले आहे, त्यात तो हात स्पष्ट दिसतो. काल तो फोटो मोठा करून आम्ही दोघी टेबलावर ठेवून बसलो होतो. यजमान मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, “यात अक्षर एकही नाही ना?” नाही, असे सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि फोटो स्वतःकडे ओढला.